मेलेल्या झाडाचं पन्हं

‘सर्व रहिवाशांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या कॉलनीच्या मोकळ्या जागेतील जाड बुंध्याचा वृक्ष दीर्घकाळ निष्पर्ण राहून अखेर मृत झाला आहे. त्याची विल्हेवाट लावून तेथे चार मोटारी उभ्या करण्याची सोय व्हावी, असा अर्ज महापालिकेकडे करण्यात येत आहे. कृपया शांतता राखावी.’

हा मजकूर मी कॉलनीच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं, रंगीत खडूनं लिहिला होता. शांतता कशासाठी राखायची, ते मलाही माहीत नव्हतं. पण असल्या मजकुराला शेवट भारदस्त लागतो.

छत्रपती संभाजीनगरातल्या या कॉलनीत आम्ही दिवाळीनंतर राहायला आलो आणि दीड महिन्यात मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. दुसरं कोणी तयार नव्हतं, हा तपशील मी सहसा सांगत नाही. आमची नवी गाडी उन्हात भाजत होती, हाही नाही. चार मोटारींपैकी एक कोणाची, हे सांगायला नकोच.

झाड होतं मात्र विचित्र. चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाही असा राखाडी बुंधा, आणि वर एवढ्याशा वाकड्या फांद्या, जणू कोणी उपटून उलटं रोवलंय. मी आल्यापासून त्यावर एक पान पाहिलं नव्हतं. फांद्यांना लांब देठांवर मखमली, करड्या रंगाचं काहीतरी लोंबत होतं. ते काय असावं याचा मी विचार केला आणि अर्जात लिहिलं : ‘झाडावर मेलेल्या उंदरांसारखे काही लटकत असून लहान मुले घाबरतात.’ खरं तर मुलं त्या उंदरांना दगड मारून खाली पाडत आणि पळवून नेत. पण मुलांची साक्ष कोण घेतो?

त्या बुंध्याला टेकून इस्त्रीवाल्या मावशींचा गाडा असे. मूळच्या सोयगावकडच्या. कोळशाची जड इस्त्री, डोक्याला पदर, आणि बोलणं असं की कपडे न देणारा माणूसही दोन मिनिटं थांबावा. झाडाला पानं नसली तरी त्या बुंध्याचीच सावली एवढी, की गाडा तिच्यात मावायचा. ऊन सरकलं की मावशी गाडा सरकवत. सकाळी पश्चिमेच्या अंगाला, संध्याकाळी पूर्वेच्या. कॉलनीतली मंडळी गाडा बघून वेळ सांगत.

फळ्यावरचा मजकूर त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतला आणि मला हटकलं.

“सेक्रेटरी सायेब, ते झाड जित्तं हाय.”

“मावशी, पानं कुठायत?”

“पाऊस पडल्यावर येत्यात की. लई येत्यात. आम्ही भाजी करून खातो.”

“झाडाच्या पानांची भाजी?”

“मग काय गाडीच्या टायरची करावं?”

मी मोठ्या मनानं त्यांना गेटमागची जागा देऊ केली. तिथं दिवसभर ऊन, आणि रस्त्यावरून गाडा दिसणार नाही. मावशींनी हातातला शर्ट उलटा केला, कॉलरवर पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, “तितं मला कोन हुडकत येईल? अन् उनात इस्त्री धरून उबं ऱ्हाऊन बगा एकदा.” मी घड्याळाकडे पाहिलं. पाणी शिंपडायला त्यांच्याकडे एक लांबट, टणक, लाकडी वाटी होती, हे माझ्या लक्षात आलं. कपड्यांची गाठोडी त्या कसल्याशा दोरासारख्या सालीनं बांधत, हेही मी पाहिलं. दोन्ही कुठून आलं ते विचारावं असं वाटलं नाही. सेक्रेटरी माणूस प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो.

मग चैत्र आला. आमच्या घरी बायकोनं चैत्रगौरीचं हळदीकुंकू मांडलं. नव्या कॉलनीतलं पहिलंच. त्या वर्षी गारांनी वैजापूरकडच्या कैऱ्या झोडपल्या होत्या. बाजारात आलेल्या कैऱ्या लिंबाएवढ्या, आणि भाव असा की कैरीला हात लावण्याआधी नमस्कार करावा. कैरीच नाही तर डाळ कशी आणि पन्हं कसं? बायको दोन दिवस तेच तेच डबे पुसत होती. आमच्याकडे ते वादळाचं लक्षण आहे. तिसऱ्या दिवशी मात्र ती गुणगुणू लागली. मी चौकशी केली नाही.

हळदीकुंकवाला पुरुषांना मज्जाव असतो, पण उरलेल्या पन्ह्यावर हक्क असतो. बायका गेल्यावर मी पातेल्याला भिडलो. पांढुरकं, दाटसर, आंबट-गोड, वेलचीचा वास. उभ्या उभ्या तीन पेले प्यायलो. “कैरी कुठली गं ही? काय चव आहे!” बायको म्हणाली, “प्या गपचूप.” मी गपचूप प्यायलो. दुसऱ्या दिवशी प्यायलो. तिसऱ्या दिवशी पाहणीला महापालिकेच्या उद्यान खात्याचे अधिकारी येणार होते, म्हणून थंडगार बाटली भरून खाली घेऊन गेलो.

अधिकारी स्कूटरवरून आले, घामानं निथळत. मावशी गाड्यामागे उभ्या होत्या. इस्त्री तापलेली होती, पण त्या दिवशी त्यांनी एकही कपडा हातात घेतला नव्हता. त्या नुसत्या अधिकाऱ्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होत्या. बायको पहिल्या मजल्याच्या गॅलरीत.

“आधी पन्हं घ्या साहेब,” मी म्हणालो. “झाड कुठं जात नाही. मेलंय बिचारं.”

त्यांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला.

“हे कशाचं?”

“कैरीचं. अगदी घरचं.”

“कैरी नाही ही,” ते म्हणाले. “ही गोरखचिंच आहे. कुठं मिळाली तुम्हाला?”

मी गॅलरीकडे पाहिलं. बायकोनं वाळत घातलेला टॉवेल विनाकारण झटकला. “मावशींनी दिली,” ती वरून म्हणाली. “त्याच झाडाची.”

“मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर प्यायला असतात? उंदीर म्हणाला होतात ना तुम्ही त्याला?”

अधिकाऱ्यांनी अर्ज उघडला, उंदरांचं वाक्य सापडलं आणि ते त्यांनी मोठ्यानं, सावकाश वाचून दाखवलं. एव्हाना खाली दहा-बारा माणसं जमली होती. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि बुंध्यावरची राखाडी साल नखाएवढी खरवडली. आत हिरवंगार निघालं.

“हे आफ्रिकेच्या माळरानावरचं झाड,” ते म्हणाले. “कोणी म्हणतं हबशांनी आणलं, कोणी म्हणतं अरब व्यापाऱ्यांनी. पावसाळा सरला की पानं गाळतं आणि पोटातल्या पाण्यावर उभं राहतं. तिकडे फळ खातात, पाला खातात, सालीचे दोर वळतात.” त्यांचं लक्ष मावशींच्या गाठोड्यांकडे गेलं, मग पाण्याच्या वाटीकडे. “हे फळाचं कवच ना?”

“व्हय,” मावशी म्हणाल्या. “फुटत नाय, गळत नाय. साल बी ओरबाडली तर परत भरून येती.”

अधिकाऱ्यांनी गाड्यावरच कागद ठेवून अर्जावर आडवा शेरा मारला : झाड जिवंत, फळांवर, तोडण्यास परवानगी नाही. मावशींनी गाड्याची कड दोन्ही हातांनी धरली होती, ती सोडली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दहा-बारा माणसं पाहत असताना गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही. उन्हानं डोकं तापलं होतं. मी टोपी काढली, रुमालानं चकचकीत टाळू पुसली आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “पण साहेब, न्याय करा! चार-चार महिने डोक्यावर एक पान नाही, मग माणसानं मेलंय असं समजू नये तर काय समजावं?”

मावशींनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग गॅलरीतल्या बायकोकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं :

“आवं सायेब, तुमच्या डोक्यावर तर कैक वर्सापासनं कायबी उगवलं नाय, मग ताईनं बी अर्ज द्यावा का?”