सुनेचा बिनप्लॅटिनमचा पंखा

माझी सून भांडी घासत नाही असं म्हटलं, तर लोक मला खाष्ट सासू म्हणतील. म्हणोत बापडे. खरं सांगायचं तर ती घासते, पण प्रयोगशाळेतली. तिथलं एकेक काचेचं भांडं आम्लात बुडवते, विसळते, उजेडात धरून बघते, पुन्हा विसळते. घरचा चहाचा कप मात्र खिडकीत लोळत पडलेला असतो. मुलगा म्हणतो, "आई, ती दमते गं." दमते तर दमते, कपाचा काय गुन्हा?

तिचं काम मला समजायला बरेच दिवस लागले. मिथेनॉल नावाचं एक स्पिरिटसारखं इंधन असतं. ते न जाळता, इंधनघट नावाच्या डबीत ओतून त्यातून वीज काढायची. ती काही आपण होऊन निघत नाही. तिला बाहेर काढायला धातूचे नॅनोकण लागतात, म्हणजे डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक. त्यांना म्हणतात उत्प्रेरक. सगळ्यांत गुणी कण प्लॅटिनमचे, आणि त्याची किंमत ऐकूनच घाम फुटावा. म्हणून सूनबाईंनी हट्ट धरला, कण करायचे ते निकेल आणि तांब्याचे. प्लॅटिनम औषधालाही नको.

आणि जमलं की! एके दिवशी डबीला जोडलेला पंखा गरगर फिरला. तिचे साहेब हवेतच तरंगायला लागले. त्यांनी थेट वरच्या मंडळासमोर प्रात्यक्षिक ठेवलं आणि घरच्यांनाही बोलावलं. सुनेची नोकरी तात्पुरती होती. मंडळासमोर पंखा फिरला की ती कायम होणार होती. मी तर चाळणीच आहे, सगळ्या जिन्याला सांगून मोकळी झाले.

प्रात्यक्षिक तोंडावर आलं आणि ही जेवताना नुसती ताटाकडे बघत बसायला लागली.

"मीठ कमी पडलं का?" मी विचारलं.

"आई, माझे कण खोटे आहेत."

मग सगळं बाहेर पडलं. कण तयार करताना द्रावण ढवळायला भांड्यात एक चुंबकाची कांडी सोडतात. औषधाच्या कॅप्सूलएवढी, वर पांढरं प्लास्टिकचं आवरण. हिची नेहमीची कांडी जुनी होती, चरे पडलेली. ती एकदा हाताशी नव्हती म्हणून हिनं नवी कोरी वापरली, तर पंखा ढिम्म हलेना. बिचारीनं पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, स्वतःच्या हातांना शिव्या घातल्या. शेवटी जुनी कांडी टाकून बघितली, तर पंखा पुन्हा गरगर. त्या कांडीनं पूर्वी कुणीतरी प्लॅटिनमचं द्रावण ढवळलं होतं. त्यातलं प्लॅटिनम चऱ्यांत दडून बसलं होतं, आम्लालाही दाद देत नव्हतं, आणि पंखा फिरत होता तो त्याच्याच जोरावर.

"अजून कुणाला माहीत आहे?"

"तुम्हालाच."

"मग गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि उद्या दुसऱ्या गावात कुणी माझं वाचून, स्वच्छ कांडीनं हेच करून बघितलं तर? त्याचं जमणार नाही आणि तो वर्षभर स्वतःलाच मूर्ख समजत बसेल. मी आठवडाभर समजले ना, तेवढ्यानं जीव गेला माझा."

यावर मी तिला दुसऱ्यांदा भात वाढला. तिनं तो खाल्ला नाही.

प्रात्यक्षिकाला तिनं दोन डब्या मांडल्या, दोन पंखे लावले. पहिला हलेना. साहेब पुटपुटले, "वायर सैल असेल." स्वतः उठले आणि पंख्याला बोटानं टिचकी मारली. पंखा अर्धा फिरला आणि थांबला. मागून कुणीतरी खुसखुसलं. तेवढ्यात सुनेनं दुसरा सुरू केला, तो भन्नाट पळायला लागला. मग तिनं चिमट्यात ती जुनी कांडी धरून वर केली.

"माझा उत्प्रेरक चालत नाही," ती म्हणाली. "ही कांडी चालते." आणि सगळं सांगून टाकलं.

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. मागच्या रांगेतले दोन संशोधक हळूच उठून बाहेर सटकले. ते आपापल्या कांड्या तपासायला गेले होते, हे नंतर कळलं.

कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. हिची मुदत संपली की पुढं काय, ते कुणी बोललं नाही. बसथांब्यावर मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

"आई, रागावलात?"

"हो."

"जागा गेली म्हणून?"

"जागेला घाल चुलीत! तुला गप्प बस म्हणणारी मी. तू माझं ऐकलं नाहीस आणि तिथं बसल्या बसल्या मला तुझा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. सुनेनं ऐकलं नाही म्हणून खूश होणारी सासू बघितलीयस कुठे?"

ती इतक्या जोरात हसली की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. आमची बस आली आणि निघून गेली, तरी तिचं हसू थांबेना.