पाठीवरचा डाग

फ्रीजमधून काढलेली इन्सुलिनची बाटली ती आधी मुठीत धरून बसायची. “गार औषध टोचलं की आग होते, काका. बोंबलायचंय का?”

घोडपदेवच्या आमच्या चाळीत घरोघर सुई टोचायला येणारी ही सिस्टर. तोंडाने फाटकी, पण हात हलका. स्पिरिट सुकेपर्यंत थांबायची, कालची जागा सोडून दोन बोटं पलीकडे टोचायची. सुई काढल्यावर मी पोट चोळायला गेलो की फाडकन हातावर मारायची. “चोळू नका! काळंनिळं होईल, नाव माझं खराब होईल.” त्या चापटीचाच वळ उठायचा, हे तिला कोण सांगणार!

शेजारच्या खोलीत पाच महिन्यांची गरोदर पोर होती. तिला रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन, तेही रोज पोटातच. एका सकाळी भिंतीपलीकडे सिस्टरचा आवाज चढला.

“पाठीवर हे काय?”

नवरा म्हणाला, “तुमच्याच सुईचे डाग. रक्त पातळ आहे ना तिचं.”

“पाठीत कधी टोचलं रे मी? अशा बाईला मारतोस? आत रक्तस्राव झाला तर दोन जीव जातील, मेल्या!”

मी दाराशी पोचलो तोवर त्याने सिस्टरला खाली पाडलं होतं. तिने उठून पितळेचा तांब्या त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. त्याने तिचा उजवा हात धरून चौकटीवर आपटला. हाड मोडलेलं मी ऐकलं. त्याने पुन्हा आपटला. तिने डाव्या हाताने त्याचे केस पकडून डोकं भिंतीवर आदळलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण पोरीच्या आणि त्याच्या मधून ती तसूभर हलली नाही. शेवटी चौघांनी त्याला दाबून धरलं. सिस्टर पोरीला घेऊन पोलिसांत गेली आणि तिथून थेट स्वतःच्या खोलीवर.

दोन दिवसांनी प्लास्टरमधला हात घेऊन माझ्याकडे आली.

“काका, भिंत एकच ना तुमची? ऐकू यायचं?”

यायचं. महिनाभर. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. मला लाज वाटली, आजही वाटते. मी मान खाली घातली.

“आता तुमचं तुम्ही टोचा,” म्हणाली.

मनगट वाकडंच जुळलं, तिचं काम सुटलं. शिव्या घालत घालत तिने त्या पोरीला स्वतःच्या हाताने टोचून घ्यायला शिकवलं म्हणे. पोर सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली.

बर्फी वाटायला सिस्टर स्वतः चाळीत आली. आमच्या मजल्यावर एकेक कडी वाजू लागली. मी घाईने शर्ट चढवून दारात उभा राहिलो. ती माझ्यासमोरून गेली आणि तिने पुढच्या दाराची कडी वाजवली.