तेरा किलो

सकाळी पावणेसातला बायकोला पलंगावरून खुर्चीत बसवताना क्विंटलचा उजवा खांदा ‘कट्’ करून वाजला आणि हातातली ताकद नळ बंद केल्यासारखी गेली. बायको घसरली. पलंगाची कड जवळ होती म्हणून निभावलं. ती कडेवर तिरकी टेकली, त्याने डाव्या हाताने तिची कंबर धरली, एक गुडघा जमिनीला लावला आणि कसंबसं सावरत तिला चाकाच्या खुर्चीत ठेवलं.

“काय झालं हो?”

“काही नाही गं, चप्पल सरकली.”

पायात चप्पल नव्हती. बायकोने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. चहा टाकतो म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला धरून उभा राहिला. दरदरून घाम फुटला होता. त्रेसष्ट वर्षांचा दणकट गडी, पण साखरेचा डबा उघडेना.

क्विंटल हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाविसाव्या वर्षी जिममध्ये पैजेवर त्याने शंभर किलोंचा बार डोक्यावर नेला होता, तेव्हापासून ते चिकटलं. पोटासाठी तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा आणि जिवासाठी वजनं उचलायचा. आता तरुणपणी सांधे कसे असतात? फुकट मिळालेले. आणि फुकटच्या वस्तूला माणूस कसं वापरतो ते मी सांगायला नको. चौतिसाव्या वर्षी याने खांद्यावर बार घेऊन खाली बसताना तळाला उसळी मारायची सवय लावून घेतली, कारण बघणारे वाहवा करत होते. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. वाहवा करणाऱ्यांपैकी एकही भेटायला आला नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी कंबर गेली. तीन आठवडे आडवा. तेव्हा बायको त्याला मोजे घालून द्यायची आणि वर म्हणायची, “काय क्विंटलशेठ, आज किती उचललं?”

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. हा गडी स्वतःच पुढचा आणि स्वतःच मागचा. पण शहाणा झाला खरा. आधी दहा मिनिटं नुसता रिकामा बार. वजन वर नेण्यापेक्षा खाली आणताना जास्त सावकाश. अजून दोनदा उचलता येईल असं वाटतंय तोवरच थांबायचं. मांस दुखलं तर दुखू दे, सांधा दुखला की बार खाली. दर चौथा आठवडा हलका. जिममधली पोरं हसायची, “काका, हे तर आमच्या आजीचं वजन झालं.” हा म्हणायचा, “हसा लेको हसा. तुमचे गुडघे माझ्या वयाचे झाले की मला सांगायला या. जिना चढून येता आलं तर.”

चार वर्षांपूर्वी बायकोच्या मणक्यात दुखणं शिरलं आणि तिचे पाय गेले. तेव्हा कुठे त्याला वाटलं, आपण एवढी वर्षं कशासाठी घासत होतो ते आज कळलं. सकाळी पलंगावरून खुर्चीत, दुपारी दुकानातून येऊन परत पलंगावर, संध्याकाळी खुर्चीत, रात्री पुन्हा पलंगावर, शिवाय न्हाणी. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, तिला छातीशी घट्ट घेऊन. एकदाही धक्का नाही.

लेकीचं म्हणणं वेगळं होतं. ती दूर राहायची आणि दर रविवारी फोनवर तेच सांगायची, “बाबा, आईला शुश्रूषा केंद्रात ठेवू या. तुमचंही वय झालं.” नवरा-बायको एकदा ते केंद्र बघूनही आले होते. वीस पलंगांची लांबलचक खोली. दोन कामवाल्या बायका एका म्हातारीला काखेत हात घालून उचलत होत्या. आपसात गप्पा चाललेल्या, म्हातारीकडे कुणाचं लक्ष नाही, तिचा गाऊन वर सरकलेला. परतताना बायकोने घर येईपर्यंत त्याची बाही सोडली नाही. “मला इथे ठेवू नका,” एवढंच म्हणाली. तो म्हणाला होता, “माझे हात चालतायत तोवर ते नाव काढायचं नाही.”

आणि आता हातच दगा देत होता.

खांदा वाजायला लागून खरं तर आठ महिने झाले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लेक पहिल्या गाडीने येईल आणि केंद्राचे कागद पुढ्यात ठेवील, ही भीती. दुकानात एकटा असला की तो हात वर न्यायचा, मागे फिरवायचा आणि कान लावून ऐकायचा. कट्. अजून आहे. दोन सुया बदलल्या की पुन्हा हात वर. कट्. मशीन बिघडलं की तो हेच करायचा, चाक हाताने फिरवत राहायचा आणि आवाज कुठून येतो ते ऐकायचा. ज्या दिवशी कट् झालं नाही त्या दिवशी जीव भांड्यात पडायचा, आणि खात्री करायला तो आणखी पाच वेळा फिरवून बघायचा. मग व्हायचंच.

त्या सकाळनंतर मात्र त्याची झोपच उडाली. डोळा लागला की बायको हातातून सुटतेय असं दिसायचं. शेवटी दुकानाला कुलूप लावून तो इस्पितळातल्या फिजिओबाईंकडे गेला.

बाईंनी खांदा सगळ्या बाजूंनी दाबून पाहिला. “काका, फाटलेलं नाही काही. हाड धरून ठेवणारा स्नायू उसवलाय, भरून येईल. पण आठ महिन्यांत का नाही आला? दिवसातून किती वेळा फिरवून बघता?”

“बघावंच लागतं की. बरं झालंय का ते कसं कळणार?”

“किती वेळा?”

क्विंटलने हिशेब केला आणि खाली मान घालून म्हणाला, “तीस... चाळीस वेळा.”

“म्हणजे खपली धरली की काढायची, धरली की काढायची. अहो, हे काय मशीन आहे? मशीन स्वतःहून बरं होत नाही. हे होतं, पण त्याला राहू तर द्या.” बाईंनी कागदावर लिहिलं, सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही आणि काकूंना उचलायचं नाही. “त्यांना इथे घेऊन या. कमरेला पट्टा बांधून, फळीवरून सरकत, न उचलता खुर्चीत कसं जायचं ते मी शिकवते.”

न उचलता! बाई चांगल्या होत्या, पण त्याला ते पटेना. उचलणं सोडलं म्हणजे आज फळी, उद्या पट्टा, परवा केंद्र. त्याने कागद दुकानाच्या खणात टाकला. घरी सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सगळा भार डाव्या हातावर घेतला, श्वास रोखला, मनातल्या मनात देवाचा धावा केला आणि उचललं. जमलं. तिसऱ्या दिवशीही जमलं. उलट गेल्या काही महिन्यांपासून ती हातात जरा हलकीच लागत होती. त्याला धीर आला. म्हटलं, खांदा गेला तर गेला, पाय आणि कंबर अजून खणखणीत आहेत. चाळीस वर्षांची मेहनत आहे, उगाच नाही! बायकोपुढे त्याने दंड थोपटूनही दाखवले. ती हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

सातव्या दिवशी न्हाणीच्या दारात खांदा पुन्हा वाजला. या वेळी ती त्याच्या अंगावरून खाली सरकत गेली आणि ओल्या फरशीवर बसली. लागलं नाही, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिच्या शेजारी तसाच फतकल मारून बसला आणि रडायला लागला. चार वर्षांत पहिल्यांदा.

“खांदा गेलाय गं माझा. आठ महिने झाले. तुला सांगायची छाती झाली नाही.”

“माहीत आहे मला.”

“कसं?”

“उचलताना माझा कान कुठे असतो? तुमच्या खांद्यालाच ना. रोज चार वेळा ऐकतेय.”

शेजारच्या बाईला हाक मारून तिला खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं इस्पितळात गेली. फिजिओबाईंनी पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये ठेवायची एक गुळगुळीत फळी काढली. “काकूंचं वजन किती? दंडांवर किती भार येईल ते बघायचंय.”

“बासष्ट,” क्विंटल ठणकावून म्हणाला. “मला विचारा. मी रोज उचलतो.”

“तरी काट्यावर घेऊ या.”

“घ्या की. बारला अडीच किलोंची प्लेट कमी लावली तर मी डोळे मिटून सांगतो.”

खुर्चीसकट तिला काट्यावर घेतलं, मग खुर्चीचं वजन वजा केलं. एकोणपन्नास. बाईंनी पुन्हा घेतलं. एकोणपन्नास. बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्या खाली वाकल्या आणि बायकोचं मनगट हातात धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं, “काकू, जेवता ना नीट?”

बायकोने मनगट सोडवून घेतलं. क्विंटलच्या डोळ्यांपुढे एकदम दुपार आली. तिला पलंगावर ठेवून, उशाशी ताट झाकून तो दुकानात परतायचा आणि संध्याकाळी ते रिकामं, घासलेलं दिसायचं. घासून ठेवायची शेजारची बाई. त्या ताटातलं कुणाच्या पोटात जातंय हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“अगं, काय केलंस तू हे?”

“मग काय करणार होते?” ती एकदम उसळली. “तुम्ही दात ओठ खाऊन उचलता, ते कट् कट् माझ्या कानात वाजतं, आणि मी पोटभर जेवू? घास नरड्याखाली उतरायचा नाही. म्हटलं, पाय तर हलत नाहीत, निदान वजन तरी कमी करू. तुमचा खांदा गेला की मला त्या खोलीत टाकतील. मला काय कमी भीती वाटत होती?”

“आणि मी आपला दंड थोपटत बसलो,” तो म्हणाला. तेरा किलो. जिममध्ये कुणाचाही बार नुसता बघून वजन सांगणारा हा माणूस, बायको रोज चार वेळा छातीशी येऊन तेरा किलोंनी झिजत गेली, आणि त्याने ते स्वतःच्या ताकदीच्या खात्यावर घेतलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बाईंच्या समोर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उजवा हात वर जाताना खांदा वाजला. त्याला ते ऐकूही आलं नाही.

बाईंनी दोघांनाही खडसावलं. काकूंनी चार वेळा खायचं, डाळ, अंडी, दूध, जे रुचेल ते, कारण फळीवरून सरकायला दंडात जोर लागतो आणि उपाशी दंडात तो येत नाही. काकांनी सहा आठवडे समोर फक्त उभं राहायचं. पडायला लागल्या तर पट्ट्याला धरायचं, एरवी हात लावायचा नाही.

घरी पहिल्या खेपेला फळी टाकली तेव्हा पलंग आणि खुर्चीमध्ये जेमतेम वीतभर फट होती. बायकोने तळवे टेकले, अंग वर ढकललं आणि चार बोटं सरकली. थांबली. दम लागला होता. पुन्हा चार बोटं. बरोबर मधोमध तिचे दंड थरथरायला लागले आणि ती एका बाजूला कलली. शंभर किलो डोक्यावर असताना क्विंटल असा घाबरला नव्हता. त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले.

“हात मागे घ्या,” ती म्हणाली.

“पडशील गं!”

“पडले तर धरा. अजून पडले नाहीये.”

त्याने हात मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवले. ती फळीवर मधोमध तशीच बसून राहिली, श्वास जमवत, आणि तो तिच्यासमोर उभा राहिला, काहीही न उचलता.