दुसरा टॉवर बंद झाला तेव्हा

आमच्या हॉटेलचा दुसरा टॉवर बंद झाला, त्याच हिवाळ्यात आई नागपूरहून माझ्याकडे आली.

मी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला शिकायला आले होते. युनिव्हर्सिटीत असतानाच तिथल्या एका कसिनो रिसॉर्टमध्ये खोल्या साफ करायचं काम धरलं. पुढे पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना मिळाला आणि मी तिथेच हाउसकीपिंगची सुपरवायझर झाले. सुरुवातीच्या वर्षांत श्वास घ्यायला फुरसत नसायची. एअरपोर्टवरून टूरच्या बसेस यायच्या, एक रिकामी होते न होते तोच दुसरी येऊन लागायची. लॉबीत बॅगांचे ढीग, चिनी, जपानी, गुजराती, सगळ्या भाषा एकदम कानावर आदळायच्या. जुगाराच्या मशिनला इथे पोकी म्हणतात. त्या पोकींचा किणकिणाट लिफ्टचं दार बंद होईपर्यंत पाठ सोडायचा नाही. आईला मी फोनवर हे सगळं रंगवून सांगायचे.

मग ते ओसरत गेलं. बसेस कमी झाल्या. आलेले लोकही चेक-इन करताना कुरकुरायचे, की एवढ्या पैशांत बालीला आठवडाभर आरामात राहून होतं. जुगार तर आता ज्याच्या त्याच्या फोनमध्येच आला होता. दुपारी पोकींसमोर बसलेले दिसायचे ते आसपासचे म्हातारे, आणि त्यांना खोली नको असायची. बुफे फक्त वीकेंडला उरला. दारातलं कारंजं बंद पडलं ते पडलंच. शेवटी दुसऱ्या टॉवरमधल्या गाद्यांवर आम्हीच प्लास्टिक चढवलं, पडदे ओढले आणि दोन्ही टॉवर जोडणाऱ्या कॉरिडॉरमध्ये आडवी दोरी बांधली. आमचे तास कापले गेले. कोण राहणार, कोण जाणार, याची कुजबुज रोज चहाच्या वेळी चालायची, आणि मॅनेजर आत आली की सगळे कपात तोंड घालायचे.

रिकाम्या खोल्या स्टाफच्या घरच्यांना अगदी स्वस्तात मिळत होत्या. मी आईसाठी एक घेतली. माझ्या शेअरिंगच्या घरात तिला सोफ्यावर झोपावं लागत होतं, म्हटलं दोन दिवस तरी समुद्र बघत मऊ गादीवर झोपेल.

आई लॉबीत उभी राहिली आणि वर छताकडे बघत राहिली.

"एवढं मोठं बांधून ठेवलं," ती म्हणाली, "पण माणसं कुठं आहेत वं?"

"आहेत गं. आज वीकडे आहे ना."

"तू तर म्हणायची, पाय ठेवायला जागा नसते."

मी तिची बॅग उचलून लिफ्टकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या स्टाफची मीटिंग लागली. कशाबद्दल, ते कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मीटिंगला जाण्याआधी मी आईला फोन केला. तिचा फोन हॉटेलच्या वायफायवरच चालायचा.

"गोळी घेतली का?"

"आत्ताच घेतली. आता डबा उघडते. तुझं काय? आवाज असा काऊन येतोय?"

"काही नाही. मीटिंग आहे. झाली की वर येते."

आई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेली. शुगर बरीच वर्षं होती, पण गोळी घेऊन जेवण चुकवलंय असं तिने कधी केलं नव्हतं. त्यामुळे त्या बाजूने मी निश्चिंत होते.

बॉलरूममध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मॅनेजरला यायला उशीर होत होता. मी सहज आईला मेसेज टाकला, जेवलीस का. तो पोचल्याची खूण येईना. फोन लावला, लागेना. खोलीतल्या फोनवर रिंग वाजत राहिली. मी स्वतःला समजावलं, बाथरूममध्ये असेल. पुन्हा लावला. मग उठले आणि निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, "आत्ता जाऊ नकोस, जाणाऱ्यांची नावं वाचतील." पण माझे पाय थांबले नाहीत.

खोलीचं दार मी माझ्या किल्लीने उघडलं. टेबलावर डबा होता, झाकण काढलेला, पोळी-भाजी जशीच्या तशी. बाजूला गोळ्यांचं पाकीट, त्यातलं एक घर फोडलेलं. पर्स खुर्चीवर. आई नव्हती.

बाल्कनीत बघितलं. बाथरूममध्ये बघितलं. कपाटाचं दारसुद्धा उघडलं, का ते देव जाणे. मग कॉरिडॉरभर हाका मारत धावले. तिथे हाक ऐकायलाही कुणी नव्हतं. त्या मजल्यावर त्या दिवशी आईशिवाय एकही पाहुणा नव्हता.

सिक्युरिटीत माझ्या ओळखीचा एक पंजाबी मुलगा होता, माझ्यासारखाच स्टुडंट म्हणून आलेला. मी त्याला गाठलं. तो लगेच कॅमेऱ्यांसमोर बसला. त्या भिंतीवर कसिनोचं एकेक टेबल दिसत होतं, पत्ते धरलेल्या हातावरची अंगठीसुद्धा दिसेल इतकं स्पष्ट. आमच्या कॉरिडॉरला मात्र एकच कॅमेरा होता.

"दीदी, ये देखो. आंटी."

आई लिफ्टसमोर उभी होती. खर्च वाचवायला दोनपैकी एक लिफ्ट बंद ठेवली होती, आणि चालू असलेली वर येत नव्हती. आईने बरीच वाट बघितली. मग ती वळली आणि हिरव्या एक्झिटच्या पाटीच्या दिशेने चालू लागली. कॉरिडॉरमधली दोरी एका बाजूने सुटून जमिनीवर पडली होती. आई ती ओलांडून पुढे गेली आणि चौकटीबाहेर दिसेनाशी झाली.

"आगे का कैमरा लगाओ."

"दीदी, उस टॉवर के कैमरे तो बंद हैं."

आगीच्या वेळी वापरायचा जिना कसा असतो ते मला माहीत होतं. आत शिरलं की दार मागे बंद होतं, ते आतून उघडत नाही. सरळ खालपर्यंत उतरायचं आणि शेवटच्या दाराने बाहेर पडायचं. मग ती एव्हाना बाहेर का आली नव्हती? पडली असेल का? गोळी पोटात, पोट रिकामं. शुगर उतरली की काय होतं ते तिनेच मला लहानपणी पेशंटच्या गोष्टींतून सांगितलेलं.

बंद टॉवरच्या किल्ल्या मॅनेजरकडे होत्या. मी बॉलरूममध्ये शिरले तेव्हा ती माइक हातात घेऊन उभी होती. सगळ्यांसमोर मी ओरडले, "माझी आई बंद टॉवरच्या जिन्यात अडकलीय. तिला डायबिटीस आहे."

तिने माइक टेबलावर ठेवला, किल्ल्या घेतल्या आणि माझ्यासोबत धावत सुटली. सिक्युरिटीतला तो मुलगा आमच्या मागे.

त्या टॉवरला दोन जिने होते. पहिल्यात आम्ही मजल्यामजल्यावर दार उघडून हाका मारल्या. माझाच आवाज वरखाली घुमून परत यायचा. दुसऱ्या जिन्याचं दार उघडलं आणि मॅनेजरने हात वर करून मला गप्प केलं. खालून काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. मंद, थांबून थांबून. मी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले.

आई तळाच्या पायरीवर बसली होती. हातात चप्पल होती, तीच ती कठड्यावर आपटत होती. ब्लाउज घामाने चिंब. तोंडातल्या तोंडात बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणणं चाललं होतं, पण शब्द एकमेकांत घसरत होते. मी समोर बसले तर तिने मला तिच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली.

माझ्या युनिफॉर्मच्या खिशात खोल्यांमध्ये ठेवायच्या साखरेच्या पुड्या असायच्या. मी फोडफोडून तिच्या तोंडात घालू लागले. "चघळ. आई, गिळ. अजून घे." घाईत निम्मी साखर तिच्या पदरावर सांडत होती. मॅनेजर फोनचा उजेड धरून आमच्या शेजारी जमिनीवर बसली. मुलाने ॲम्ब्युलन्स बोलावली. मग त्याने तळाच्या दाराला खांदा लावून धक्का दिला. दार बोटभर हललं आणि अडलं. फटीतून दिसलं, बाहेरून दाराला टेकवून रिकाम्या स्विमिंग पूलच्या आरामखुर्च्यांची थप्पी रचून ठेवली होती.

थोड्या वेळाने आईची नजर माझ्यावर ठरली.

"मीटिंग झाली का?" तिने विचारलं.

"तू खाली कशाला आलीस? जेवायचं टाकून?"

"तुझा आवाज बरोबर नव्हता. म्हटलं, खाली येऊन तुझ्यापाशी बसावं. डबा मागून खाऊ."

मला रडू आवरेना. इतका वेळ ते कुठे थांबलं होतं कोण जाणे.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तपासलं, रस पाजला, थोडं खायला लावलं, आणि दवाखान्यात न्यायची गरज नाही म्हणाले. आई फर्स्ट-एडच्या खोलीत कॉटवर पडली. मॅनेजर मला दारात घेऊन गेली. तिचे गुडघे धुळीने माखले होते.

"हे मी तुला सगळ्यांसमोर सांगणार नव्हते," ती म्हणाली. "सुपरवायझरच्या जागा जातायत. त्यात तुझी आहे. हवं तर कॅज्युअल म्हणून थांबू शकतेस, बोलावू त्या दिवशीच काम. आय ॲम सॉरी."

महिनाभर ज्या वाक्याला घाबरत होते ते असं आलं, आणि मला काहीच वाटलं नाही. मी एवढंच म्हटलं, "त्या खुर्च्या आधी हलवा. आत्ता." ती गेली, आणि मी खिडकीतून बघितलं, मीटिंगला जायच्या कपड्यांतच ती त्या पोरासोबत एकेक खुर्ची ओढून बाजूला टाकत होती.

आईला मी रात्री घरी आल्यावर सांगितलं. ती पायाला तेल चोळत होती.

"तिथं राहू नको," ती म्हणाली. "थोडे तास देतील, मग आणखी थोडे. रोज घाबरत जाशील. दवाखान्यात बघ. तिथं माणसं कमी होत नाहीत."

मी चिडले. इतक्या वर्षांची नोकरी होती, समुद्राकाठचं गाव होतं. दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. पण तिचं म्हणणं खरं आहे हे मला कळत होतं. तिसऱ्या दिवशी मी टूवूंबाच्या एका दवाखान्यात वॉर्डच्या सफाईच्या कामासाठी अर्ज केला, आणि ते मिळालं. सुपरवायझरची पुन्हा साधी कामगार झाले. तिथे शिफ्टच्या वेळेला बस नसायची, म्हणून जुनी गाडी घेतली. आईने परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि माझ्याबरोबर डोंगरावरच्या त्या थंडगार गावात आली. पहिल्या दिवशी शिफ्ट संपवून मी बाहेर पडले, तर ती माझा जाड स्वेटर घालून दवाखान्याच्या पार्किंगमध्ये आमच्या नव्या घराच्या शेजारणीबरोबर उभी होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि गप्पा मात्र जोरात चालल्या होत्या.