मशिनीसाठी निवडलेला तांदूळ

दुपारी पॉवरहाऊसचा लोड पुन्हा पडला आणि म्यानेजरचा फोन आला, "वाइंडिंग बंद करा. वीज पुरत नाही."

वाइंडिंग म्हणजे सूत कांड्यांवर भरायचं खातं. तिथं सगळ्या बायाच. त्यातली एक माझी बायको, शेवंता. साल दुष्काळाचं. माझा पगार करमाळ्याकडं आईबापाला जायचा, तिकडं विहिरी आटलेल्या. इकडं दोन पोरांचं पोट तिच्या पगारावर.

मी सोलापुरातल्या एका मिलच्या पॉवरहाऊसला फिटर. बाहेरची वीज सारखी जायची म्हणून मालकानं जुनं गॅस टर्बाइन आणून बसवलेलं. नाव गॅसचं, चालायचं डिझेलवर. हे मशीन हवा ओढतं, दाबतं, त्यात डिझेल जाळतं आणि त्या झोतानं फिरतं. हवा तापली की विरळ होते, मशिनीची ताकद उतरते. तोंडावर वाळ्याचे ओले पडदे बांधले तर हवा गार होते. पण पाणी कुठलं? प्यायलाच टँकर येत होता. त्यात धूळ आणि कापसाची तूस आत जाऊन पात्यांवर थर बसलेला.

इंजिनियर देसाई साहेब तरुण, माणूस बरा. त्यांनी मॅन्युअल काढलं.

"मारुती, ऊन आपल्या हातात नाही, पाती आहेत. चालू मशीनमध्ये तांदूळ सोडायचा. पाती घासून निघतात, तांदूळ पुढं जळून जातो."

"खायचा तांदूळ, सायेब?"

"दुसरा कुठला असतो?"

कँटीनची पोती काढली. रेशनचा माल, खडेच खडे. एक खडा लागला तर पातं तुटणार, आणि ते मागची सगळी पाती तोडत जाणार. मग साहेबांनी वाइंडिंगच्या बायांनाच निवडायला बसवलं. खातं त्यांचंच वाचवायचं होतं.

बाया गोडाउनात सुपं घेऊन बसल्या. घरी सगळ्यांच्या रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी.

"अवो, तुमच्या मशिनीला वरण लागत न्हाय व्हय?" शेवंतानं मला विचारलं.

"तूप बी लागंल की," शेजारची नरसव्वा म्हणाली. "मिलचा जावई हाय त्यो!"

साहेबही हसले. मग म्हणाले, "खाली सांडलेला मात्र उचलू नका. त्याला वाळू लागते. मशीनला चालणार नाही."

मी शिडीवर चढून मापट्यानं तांदूळ सोडत गेलो. आत तडतड तडतड. धुराड्यातून करपलेल्या भाताचा वास सुटला, पार लूमखात्यापर्यंत गेला. माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

लोडचा काटा चढला. साहेबांनी फोन लावला, "वाइंडिंग चालू करा, सर."

पाळी सुटली तेव्हा गेटवर माझ्यासमोर बायांची झडती झाली. शेवंताच्या ओच्यात ओंजळभर तांदूळ निघाला.

ती म्यानेजरला म्हणाली, "खाली सांडल्याला हाय. मशिनीला चालत न्हाय म्हनले. माज्या पोरास्नी चालतोय."

"सर, तो वायाच जाणार होता," देसाई साहेब म्हणाले. "मशीनला चालणार नाही असं मीच सांगितलं होतं."

"आज सांडलेला, उद्या पोतं. उद्यापासून येऊ नको, बाई."

साहेब आणखी काही बोलणार होते. म्यानेजरनं त्यांना मशिनीकडं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती कुंभारीच्या पुढं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मी पॉवरहाऊसला गेलो. लोड चांगला होता. त्या उन्हाळ्यात मशीन एकदाही अडलं नाही, वाइंडिंगही बंद पडलं नाही. तांदूळ निवडायला बाकीच्या बाया बसायच्या.

शेवंता औंदा वारली. ह्या गोष्टीवर आम्ही उभ्या जन्मात दोन शब्द बोललो नाही.

त्या दुष्काळाच्या पुढच्याच उन्हाळ्याला साहेबांनी अक्रोडाची टरफलं मागवली. पाती तांदळापेक्षा चांगली निघतात. शिवाय टरफलं कुणाला खाता येत नाहीत, त्यामुळं गेटवर झडती लागत नाही.