एकतीस मुक्या सुया

मिनिटमास्तरांना घड्याळात एकही वायफळ चाक खपत नसे. चाळीस वर्षं ते डोळ्याला भिंग लावून दुकानात बसले. घड्याळ पुढे आलं की आधी घड्याळाला नावं ठेवायची, मग गिऱ्हाइकाला. स्वभाव खाष्ट, हात मात्र सोन्याचा. दृष्टी गेल्यावरही टिकटिक ऐकून ते घड्याळाचं दुखणं सांगत.

दृष्टी जाऊन बारा वर्षं झाली, पण त्याचं रडगाणं त्यांनी कधी गायलं नाही. मग एका सकाळी बायको चहा घेऊन आली आणि त्यांना तिचा चेहरा आठवेना. कपाळ आठवे, हनुवटी आठवे, पण दोन्हींची मोट काही बांधली जाईना. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा घाबरले. त्याच सुमारास अंधांना दृष्टी देण्याचे प्रयोग करणाऱ्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की मेंदूत मागच्या बाजूला, जिथे पाहण्याचं काम चालतं तिथे, केसाहून बारीक सुया बसवू का. मास्तरांनी तिथल्या तिथे सही केली. या वयात डोक्याला भोक कशाला, असं बायकोने विचारलं. खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटली.

चष्म्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यातलं चित्र यंत्रात, यंत्राचे इशारे सुयांना. पहिला महिना नुसते उजेडाचे ठिपके. मग दार, खुर्ची, कप. तिसऱ्या महिन्यात त्या ठिपक्यांतून समोर बसलेल्या बायकोचं तोंड वर आलं. तीच ती, गालांत जरा सुकलेली. मास्तर ढसाढसा रडले.

एवढ्यावर समाधान मानतील तर ते मिनिटमास्तर कसले! चेहऱ्याच्या कडा थरथरत होत्या, ते त्यांना सलू लागलं. सुया एकेक करून तपासल्या होत्या तेव्हा एकतीस सुया मुक्या निघाल्या होत्या, त्यांच्याने एकही ठिपका उमटत नव्हता. या आयतोबांचाच हा उपद्व्याप, बंद करा त्यांना, असा मास्तरांनी हट्ट धरला.

"काका, ठिपका उमटला नाही तरी या सुया मेंदूतल्या पेशींना चाळवतात. एकटी पेशी काहीच सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोण कुणाबरोबर बोलतं, कोण कधी गप्प बसतं, त्या सगळ्या मेळातून चित्र होतं. गाव करी ते राव न करी."

मास्तर म्हणाले, आजवर मी काढून टाकलेला एकही भाग परत मागायला कोणी आलेलं नाही. पंधरा दिवस त्यांनी अशी भुणभुण लावली, की बाई वैतागल्या आणि त्यांनी त्या सुया बंद केल्या.

थरथर गेली आणि तिच्याबरोबर चेहराही गेला. ठिपके सगळे जागच्या जागी होते, एकही कमी नव्हता, पण त्यांत कोणी नव्हतं. बाई सुया पुन्हा चालू करायला निघाल्या, तर मास्तरांनीच हात आडवा घातला. दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस चालवून बघायचं, मध्ये हात लावायचा नाही, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता.

आठव्या दिवशी दुपारी सुया चालू झाल्या. चेहरा आला, एकदम स्थिर. रुंद कपाळ, एकमेकांना जवळजवळ टेकलेले डोळे. ही बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

त्या बाईचे ओठ हलले आणि आवाज बायकोचा आला. "अहो, मीच की."

मास्तरांनी हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला. नाक तिचंच होतं, हनुवटीखालचा व्रणही होता. बोटांना बायको लागत होती आणि समोरून परकी बघत होती. डॉक्टरीणबाईंचा आवाज पडला. म्हणाल्या, आठवड्यात पेशींनी आपसात नवी जुळणी केली असावी. जुनी कशी होती ते कुठल्याही एका पेशीत लिहिलेलं नसतं, म्हणून ती परत आणता येत नाही. आणि आठवायलाही माणूस याच पेशींना हाक मारतो.

मास्तरांनी चष्मा ओरबाडून काढला. अंधारात तरी ती सापडेल म्हणून जुने दिवस एकेक उघडून पाहिले. लग्नाचा दिवस. ती दुकानात डबा घेऊन आली तो दिवस. तापात ती उशाशी बसली होती ती दुपार. प्रत्येक ठिकाणी तीच परकी बसली होती, रुंद कपाळाची, आणि वळून त्यांच्याकडे बघत होती.

बायकोने त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "काढलात ना चष्मा? आता काही दिसत नाही ना? मग झालं तर."

"दिसतंय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.