माहेरी अंग धरलं

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा पार वाळलेली होती. सासर बोरी अरबकडचं. माणसं वाईट नव्हती, पण घरात खाणारी तोंडं फार. कळंबजवळच्या आमच्या गावात तरी कुठं दूधतुपाची धार लागली होती? पण माय हट्टाला पेटली. आपण कण्यांवर भागवायची आणि भाकर थोरलीच्या ताटात. बघता बघता थोरली भरली. चेहरा गोल झाला, बांगड्या मनगटात रुतल्या, जोडवी साबण लावून काढावी लागली.

"पोरीनं मस्त अंग धरलं व," शेजारणी म्हणत. ते ऐकायला माय तिला मुद्दाम अंगणात बसवायची. मी तिला पाटलीणबाई म्हणून चिडवायची, तीही हसायची. आमच्या वस्तीत जाड बाई म्हणजे सुखी बाई. त्याचा दुसरा काही अर्थ असतो हे सांगायला कोणी आलं नाही.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. "डोळ्यापुढं काजवे चमकून राह्यले व माय," ती म्हणायची. बाबांनी तिला कळंबच्या सरकारी दवाखान्यात नेलं. माय आणि मी बरोबर होतो. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच कितवा महिना ते विचारलं. आठवा म्हटल्यावर म्हणाले, डोकं दुखायचंच. उठले नाहीत, हात लावला नाही. कंपाउंडरनं आम्ही घरून नेलेल्या बाटलीत लाल औषध भरलं. आम्ही बौद्ध होऊन दोनेक वर्षं झाली होती. डॉक्टर गर्दीमुळं उठले नाहीत की आमची वस्ती ओळखून, हे मला आजही सांगता येत नाही. राग मात्र दोन्हीचा येतो.

औषधानं काही फरक पडेना, म्हणून खाजगी डॉक्टर गाठला. हा गोड बोलणारा. मायला आई म्हणाला. आमच्या आधी एका व्यापाऱ्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून त्यानं फसफस हवा भरली, काटा पाहिला. मला वाटलं, तो पट्टा पुरुषांच्याच आजारासाठी असावा. थोरलीला सुई दिली आणि म्हणाला, "तब्येत छान आहे पोरीची." मायनं ते साऱ्या वस्तीला सांगितलं.

पुढं दोन-चार दिवसांनी सकाळी माय तिची वेणी घालत होती. एकाएकी थोरली ताठ झाली, डोळे फिरले, जीभ दाताखाली आली. "बाहेरचं हाये, भगताले बोलवा," आत्या ओरडली.

"ते सोडलं आपण," बाबा म्हणाले आणि बैलगाडी जुंपली. सडकेवर मोटार मिळाली, तिनं यवतमाळ. वाटेत तिला पुन्हा झटके आले. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी नुसती हाका मारत होते. दुसरं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात नर्सनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरून येईना.

"ही सूज कधीपासून आहे?"

"सूज नाही वो बाई," माय म्हणाली. "अंग धरलं तिनं."

नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली.

मूल मेलेलं जन्मलं. थोरलीनं डोळे उघडले नाहीत. तिची सूज उतरायला लागली. नर्स म्हणाली, हे चांगलं लक्षण. माय मात्र वेडीपिशी झाली. "पाहा कशी वाळून राह्यली! पेज तरी पाजू द्या वो इले." कोणी पाजू देईना. रोज तो चेहरा बारीक होत गेला, आणि एका दुपारी श्वास थांबला.

सासरची माणसं संध्याकाळी पोचली. तिच्या सासूनं तोंडावरचं लुगडं बाजूला केलं आणि बराच वेळ पाहत राहिली. ती रडतच होती. टोमणा मारायचं तिच्या मनातही नसेल.

"काहून वो इहीणबाई," ती म्हणाली, "पोरीले इथं खायले नाही भेटलं का?"

मायनं बोलायला तोंड उघडलं. मग ती माझ्याकडं पाहू लागली.